एकतीस नंबरची बरणी

१

एकतीस नंबरची बरणी चोरीला गेली आणि तिच्यात माणसाची चरबी होती, हे फोनवर ऐकून मेंग ह्वाजा बाईंना आधी हसूच फुटलं. सोलमधल्या आपगुजंगच्या त्या कॉस्मेटिक सर्जनांच्या रस्त्यावर बायका पोटावरची, मांडीवरची चरबी काढून घ्यायला महिना महिना आधी नंबर लावतात. जी वस्तू लोक पैसे मोजून टाकून देतात, ती चोरणारा चोर म्हणजे नवलच की!

पण हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्यावर शीतपेटीपुढे उभं राहिल्यावर त्यांना हसावंसं वाटेना.

बाई बासष्ट वर्षांच्या, सोल पोलिसांतून निवृत्त. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. हॉस्पिटलच्या नीतिसमितीवर बाहेरचं कुणीतरी असावं लागतं म्हणून त्यांना घेतलं होतं. डायरेक्टर डॉक्टर प्यो ग्वांगसोक यांची समजूत अशी की म्हातारी कॉफी पिईल आणि सह्या करील.

"पूर्वी ही चरबी कचऱ्याबरोबर जाळायचे," प्रयोगशाळेची प्रमुख शिम हेरिम सांगत होती. तिशीतली बारीक पोरगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "आता दात्याच्या सहीनं ती वर येते. आम्ही तिच्यातल्या पेशी धुऊन काढतो. उरते ती पांढरी जाळी. भाजलेल्या जखमेवर ती पसरली की तिच्या आधारानं नवं कातडं धरतं."

"आणि चरबी कुणाची होती, ते जाळीवरून कळतं?"

"नाही, मॅडम. ओळख सगळी धुऊन जाते. ती फक्त कच्च्या बरणीत असते."

"म्हणजे बरणी गेली की माणूस गेला."

हेरिमनं खिशातली किल्ली काढून दाखवली. शीतपेटीच्या किल्ल्या तिघांकडेच होत्या. एक तिच्याकडे, एक डायरेक्टरांकडे आणि एक योम दोशिककडे. योम हॉस्पिटलला चरबी ओढायची यंत्रं विकायचा आणि शीतपेट्याही तोच दुरुस्त करायचा. तीस डिसेंबरला दुपारी बरणी होती, एकतीसला सकाळी नव्हती. कुलूप शाबूत होतं.

मेंग बाईंनी रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. बोटाला पाचसहा तांदळाचे दाणे चिकटले.

"कुणीतरी इथे डबा खाल्लेला दिसतोय, शी!" हेरिम म्हणाली.

बाईंनी एक दाणा दाताखाली धरला, बाकीचे रुमालात बांधले. तो कच्चा होता. कच्चे तांदूळ डब्यात कोण आणतं?

"बरणीचा फोटो असेल ना?"

आलेल्या प्रत्येक बरणीचा पांढऱ्या पुठ्ठ्यापुढे फोटो काढायची तिथे पद्धत होती. तीस नंबर फिकट लोण्यासारखी, बत्तीसही तशीच. मधली एकतीस मात्र पिकल्या भोपळ्यासारखी पिवळीजर्द आणि काठोकाठ भरलेली. खाली चिठ्ठी होती: सोन युरी, वय सत्तावीस, बारा नोव्हेंबर, शस्त्रक्रिया डॉक्टर प्यो.

२

सोन युरी व्यायामाचे व्हिडिओ करून पोट भरणारी मुलगी. मेंग बाईंनी फोटो पुढे धरताच तिनं नाकावर हात ठेवला.

"एवढी? माझी? अहो काकू, माझी जेमतेम दोन पेले निघाली होती! आणि बारा नोव्हेंबरला कुठली? माझं ऑपरेशन ऑक्टोबरच्या एकोणतीसला झालं. बाराला मी बुसानमध्ये पोटाला पट्टा बांधून बसले होते."

"नक्की?"

"पट्ट्याचे फोटो आहेत. हजारो लोकांनी पाहिलेत."

म्हणजे चिठ्ठी युरीची आणि चरबी भलत्याच कुणाची. बाई तडक पाचव्या मजल्यावर परतल्या आणि फोटो हेरिमच्या नाकासमोर धरला.

"खरं बोल पोरी. बरणी उघडलीस तेव्हाच तुला शंका आली होती ना?"

हेरिमचे ओठ हलले. "रंग खाण्यातून येतो. रोज भोपळा, गाजर किंवा संत्री खाणाऱ्याची चरबी अशी होते. अर्धी वापरून मी जाळी केली. मी… मी विचारलं होतं डायरेक्टर साहेबांना. ते म्हणाले, माल चांगला आहे ना, मग?"

"आणि तू गप्प बसलीस."

"माझं कंत्राट डिसेंबरपर्यंतचं होतं."

बाईंच्या ओठांवर शिवी आली होती, ती त्यांनी गिळली. जिन्याशेजारी झाडू-बादल्यांची खोली होती. तिथून ओळखीचा वास येत होता, म्हणून त्यांनी दार ढकललं. आत खिळ्यापासून खिळ्यापर्यंत दोऱ्यात ओवलेल्या संत्र्याच्या साली वाळत होत्या. जेजू बेटावरच्या बायका हिवाळ्यात चहाला घालायला अशाच साली वाळवतात.

"ह्या कुणाच्या?"

"मावशीच्या. साफसफाईच्या. ती गेली काम सोडून. गावाहून पेटीच्या पेटी यायची तिला, दिवसभर सोलून खात असायची. आम्हालाही द्यायची."

"नाव काय तिचं?"

हेरिम गोंधळली. तिनं कॉरिडॉरमधल्या नर्सला विचारलं, नर्सनं लिफ्टवाल्या गड्याला. सहा वर्षं तिनं ह्या मजल्याची फरशी पुसली होती आणि तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तिला मावशीच म्हणायचे.

"तिचे तळहात आठवतात का?" बाईंनी विचारलं.

हेरिमनं भिंतीला हात टेकला. "पिवळे होते," ती म्हणाली.

३

डॉक्टर प्योंच्या टेबलावर चांदीचा क्रूस होता. चर्चमध्ये ते वडीलधारे, दूरचित्रवाणीवर तर घरोघरचे डॉक्टर. हात एवढे स्वच्छ की पाहणाऱ्याला आपलेच हात मळके वाटावेत.

"साफसफाईची बाई? बू मालसुन," त्यांनी कागद सरकवला. "एकवीस नोव्हेंबरपर्यंत हजर, मग बेपत्ता. ह्या बायका अशाच हो. कुठे चार वॉन जास्त मिळाले की चालल्या. मेंग बाई, एका बरणीपायी एवढी पायपीट कशाला? तुमच्या गुडघ्यांना नवी कूर्चा भरून देऊ का? समितीला फुकट."

"राहू द्या. तुमच्याकडचा माल कुणाचा असतो ते कळल्याशिवाय मी अंगात काही भरून घेणार नाही."

प्यो हसले, पण डोळे तसेच राहिले. "युरीच्या बरणीची चिठ्ठी चुकली असेल. कारकुनी चूक."

"आणि बारा तारखेची शस्त्रक्रिया?"

"मीच केली. सही आहे की."

बाईंनी कागद उलटा केला. मागे जवळचं माणूस म्हणून एकच नाव होतं: मुलगी, हाम यंजू. आडनाव बापाचं. आई बू, लेक हाम, इथल्या सगळ्या घरांत असतं तसंच; लग्नानंतरही बायका माहेरचंच आडनाव ठेवतात.

हाम यंजू. हे नाव आजच कुठेतरी वाचलं होतं. कुठे बरं?

लिफ्ट तळमजल्यावर आली तेव्हा आठवलं. दर्शनी भिंतीवर दारापेक्षा मोठा फोटो टांगला होता. डॉक्टर प्यो एका पालथ्या पडलेल्या मुलीचा हात धरून हसत होते. खाली लिहिलं होतं: ‘आमच्या जाळीची पहिली रुग्ण हाम यंजू, पूर्णपणे मोफत. अठ्ठावीस नोव्हेंबर.’

४

यंजू तेवीस वर्षांची. तळलेल्या कोंबडीच्या दुकानात सप्टेंबरमध्ये उकळतं तेल पाठीवर सांडलं होतं. भाजलेल्यांच्या इस्पितळात ती पालथी पडून होती आणि मान वळवून मेंग बाईंकडे पाहत होती.

"आईबद्दल बोलायला आला असाल तर उठा," ती म्हणाली. "मेली ती माझ्यासाठी."

"शेवटची कधी भेटलीस?"

"अकरा नोव्हेंबरला, सोमवारी. संत्री घेऊन आली होती. म्हणाली, आता चारपाच दिवस येणार नाही, पण तुझं काम झालं गं, तुझा पहिला नंबर लागला. खूश होती. मला वाटलं, माझ्यासाठी खूश आहे." तिनं उशाखालचा फोन काढून पुढे केला. "आणि मग हे."

बावीस नोव्हेंबरचा संदेश होता. ‘तुझं आता मार्गी लागलं. मीही माझं आयुष्य बघते. मला शोधू नकोस.’

"तुला खरं वाटलं हे?"

"आई कधी दोन शब्दांच्या पुढे लिहायची नाही. एवढं लिहिलं म्हणजे मनातलंच असणार, नाही का?" ती फिसकन हसली. "मामानं कळवलं म्हणून पोलीस विचारायला आले होते, हरवल्याची तक्रार देतेस का? मी म्हटलं, हरवली नाही, पळालीय. काकू, मला आणखी काही नको. तेवढं एकच सांगा, मला अशी टाकून का गेली? पाठ बघवेना म्हणून?"

बोलता बोलता तिचा हात मागे गेला आणि खांद्याखालची गुलाबी, नवी कातडी नखांनी खाजवू लागला. नर्स ओरडली.

"खाजतं हो! रात्रंदिवस खाजतं!"

त्या गुलाबी कातडीकडे पाहताना मेंग बाईंना हिशेब लागला. त्या उठल्या, पण अजून तोंड उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं. अर्धवट खरं सांगण्यापेक्षा पोरीचा राग बरा.

५

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत रक्ताच्या सॉसेजच्या रश्श्याचं दुकान होतं. मालकीणबाई गल्लीतल्या सगळ्यांचे खिसे आणि सगळ्यांची लफडी ओळखून होती. मेंग बाई कोपऱ्यात बसल्या. पलीकडच्या टेबलावर तिसऱ्या किल्लीचा मालक योम दोशिक डुकराचे पाय चोखत होता. दांडगा पंचेचाळिशीचा गडी, पण खाताना डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"तिखट लागलं का हो त्याला?" बाईंनी विचारलं.

"कुठलं तिखट!" मालकीण कुजबुजली. "ताई, ह्या माणसानं सात आठवडे मांसाला हात लावला नाही. नुसतं मोड आलेलं कडधान्य आणि भात. मी म्हटलं, अरे दोशिक, कुठल्या बाईनं वेड लावलं तुला? एकतीस डिसेंबरला पहिल्यांदा रस्सा मागितला आणि तेव्हापासून हा असाच रडतोय आणि खातोय."

"सुरुवात कधी झाली, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तो मंगळवार होता, आपले डायरेक्टर साहेब दुपारी टीव्हीवर लाइव्ह होते. आम्ही सगळे इथे मान वर करून बघत होतो. तेवढ्यात हा आला. मी वाडगा पुढे ठेवला तर ह्यानं तोंड फिरवलं. वाडगा परत केला, फोन लावत बसला. तीनदा लावला. पलीकडून कुणी उचलेना."

"तो मंगळवार म्हणजे बारा नोव्हेंबर?"

"कॅलेंडरवर गोल आहे बघा. मीच केला होता, साहेबांचा कार्यक्रम म्हणून."

म्हणजे ज्या वेळी डॉक्टर प्योंच्या सहीनं शस्त्रक्रिया चालू होती, त्या वेळी सगळ्या देशासमोर ते स्टुडिओत हसत होते. सही एकाची आणि हात दुसऱ्याचा! हे दुखणं ह्या रस्त्याला जुनंच होतं. यंत्र विकणारा माणूस रोज यंत्र दाखवतो, त्याचा हात बसतो, आणि डॉक्टर म्हणतो, आज तूच ओढ.

मेंग बाईंनी बोटं मोजायला घेतली. पुरावा लपवणारा चोर बरणी पहिल्याच आठवड्यात गटारात ओततो. हा चोर थांबला होता. नोव्हेंबरचे बारा तारखेपासून एकोणीस दिवस, डिसेंबरचे तीस.

एकोणपन्नास.

नवरा गेला तेव्हा त्यांनीही असंच बोटांवर मोजलं होतं, मरणाचा दिवस पहिला धरून. बौद्ध घरांत मानतात, एकोणपन्नासाव्या दिवशी आत्मा वाट धरतो. तोवर घरातला माणूस मांस वर्ज्य करतो, तांदूळ वाहतो. डायरेक्टर म्हणत होते बाई एकवीसपर्यंत कामावर होती, संदेश बावीसचा. पण ज्यानं बरणी नेली, त्याला ठाऊक होतं की बू मालसुन बारालाच मेली.

चर्चमधला माणूस हे मोजत बसत नाही. बाई उठल्या आणि फुटाणे वाटावेत तसे रुमालातले चार तांदळाचे दाणे योमच्या ताटाशेजारी ठेवले.

"तिला पुरलंस कुठे?" त्यांनी विचारलं.

योमच्या हातातलं हाड खाली पडलं.

६

सोलबाहेर यांगप्योंगच्या टेकडीवर बर्फाखालची माती कुदळीला दाद देत नव्हती. पोलीस खणत होते आणि योम गुडघ्यांवर बसून बोलत होता. कुणी थांबवलं नाही.

"मी शंभरदा ओढलीय, ताई. कधी काही झालं नाही. मावशीनंच साहेबांकडे हट्ट धरला होता. लेकीसाठी जाळी पाहिजे, यादी लांब आहे, माझ्या अंगावर आहे तेवढी घ्या. साहेब म्हणाले, कागद नको करायला, गुपचूप करू, पहिली जाळी तुझ्या पोरीला. मंगळवारी दुपारी मजला बंद असतो. साहेबांनी भूल दिली आणि स्टुडिओत गेले. ‘भरपूर काढ,’ म्हणाले."

"मग?"

"नळी आत कुठेतरी लागली. ओठ निळे पडले. मी पळत खाली गेलो, माणसांत बसून फोन लावला… भीती वाटली मला, तिच्याजवळ थांबलो नाही मी."

"म्हणजे ती तेव्हा जिवंत होती?"

योमनं मातीत तोंड खुपसलं.

"मी परत गेलो तेव्हा नव्हती. कार्यक्रम संपल्यावर साहेब आले. मी पाय धरले. त्यांनी पहिलं विचारलं, किती निघाली?"

कुदळ मऊ जागी लागली. निळ्या चादरीत मालसुन होती आणि तिच्या पोटाशी, दोन्ही हातांच्या मध्ये, एकतीस नंबरची बरणी.

"माणसाचं सगळं एका जागी असावं," योम म्हणाला. "अर्धी वर शीतपेटीत आणि अर्धी इथे, ती वाट कशी धरणार? तांदूळ वाहून, तिला सांगून उचलली. न सांगता कशी उचलणार होतो?"

ह्याच माणसानं तिला टेबलावर एकटी टाकली होती. मेंग बाईंना त्याची दया आली आणि दया आल्याचा संतापही आला.

हॉस्पिटलच्या लॉबीत डॉक्टर प्योंना बेड्या घालताना त्यांनी बाही सावरायला वेळ मागितला. मेंग बाई दारात उभ्या होत्या.

"मेलेल्या बाईची चरबी दुसरीच्या नावावर लावलीत. तिच्या फोनवरून तिच्या पोरीला संदेश पाठवलात. आणि त्याच चरबीची जाळी पोरीच्या पाठीवर पसरून फोटो काढलात?"

"मग काय फेकून द्यायची होती?" प्यो शांतपणे म्हणाले. "मी शब्द दिला होता, पहिली जाळी तिच्या मुलीला. शब्द पाळला मी. मुलगी बरी झाली की नाही? बेपत्ता आईच्या मागे ती रडत बसली असती, म्हणून तिला रागावायला काहीतरी दिलं. रागानं माणूस लवकर उठतो."

भर लॉबीत बाईंनी त्यांच्या मुस्काटात मारली. पोलिसांनी दुसरीकडे पाहिलं.

७

हेरिम बाईंबरोबर इस्पितळापर्यंत आली, पण आत यायचं धाडस तिला झालं नाही. ती जिन्यात बसून राहिली.

मेंग बाईंनी यंजूला सगळं सांगितलं. गाळून, गोड करून सांगायला त्यांना येत नव्हतं, आणि पोरीचा तेवढा हक्क होता. सोमवारची संत्री, मंगळवारचं टेबल, टेकडी, बरणी. संदेश कुणी लिहिला ते.

"टाकून नाही गेली तुला," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझ्याचसाठी गेली."

यंजू रडली नाही. तिचा हात पाठीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"म्हणजे माझ्या पाठीवर आहे ते…"

"जाळी विरून जाते म्हणतात. आता ते तुझंच कातडं आहे."

"पुरतं विरलंय?"

बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी हेरिमला विचारलं होतं. हेरिम म्हणाली होती, वर्ष लागतं.

"अजून थोडी आहे," बाई म्हणाल्या.

यंजूनं आपली नखं पुढे धरली आणि एकेक बोट पाहिलं. "मी रोज ओरबाडत होते," ती म्हणाली. "शिव्या देत ओरबाडत होते हो काकू." मग तिनं नर्सकडे कात्री मागितली आणि सगळी नखं मुळापर्यंत कापली. दोन बोटांतून रक्त आलं तरी थांबली नाही.

फेब्रुवारीत मेंग बाई पुन्हा गेल्या. यंजूची पाठ पूर्ण भरली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडणार होते. खाटेखाली जेजूहून मामानं पाठवलेली संत्र्यांची पेटी होती. ती अजून फोडलेली नव्हती.

"तुम्ही तरी सांगा हिला," नर्स वैतागून म्हणाली. "पाच महिने पालथी झोपलीय. जखम केव्हाच बरी झाली. डॉक्टर रोज सांगतात, आता खुशाल पाठीवर झोप, काही होत नाही. पण ही ऐकतच नाही."

"का गं?" बाईंनी विचारलं.

यंजूनं उशीतून तोंड थोडं वर केलं.

"आई दबेल," ती म्हणाली.